गॅलरीतली बाटली

अनसूयाबाईंच्या घरात आलेली बाटली सहजासहजी घराबाहेर पडत नसे. कोल्ड्रिंकची असो की पाण्याची, आधी ती विसळून फ्रीजच्या दारात उभी राही. पुढे जुनी झाली की तिच्यात गोडेतेल येई, तेलाने ओशट झाली की फिनाईल, आणि अगदीच कुणाच्या कामाची उरली नाही की मगच ती गॅलरीतल्या पिशवीत जाई. परळच्या चाळीतून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना जमाना झाला होता. पण चाळीने लावलेली सवय फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवता येते थोडीच? "आमच्या घरात माणसं कमी आणि बाटल्या जास्त," असं त्यांचे यजमान उत्तमराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बाईंना त्याचा राग येत नसे, उलट थोडा अभिमानच वाटे.

गॅलरीतली ती पिशवीही त्यांनी जुन्या निळ्या पडद्याची शिवलेली. दर गुरुवारी मंदा टेम्पोबरोबर सोसायटीत येई आणि घराघरातलं प्लास्टिक गोळा करून नेई. मंदा खारीगावची. तिथल्याच एका शेडमध्ये ती आणि आणखी काही बायका बाटल्या निवडत. बाटलीचं पुढे काय होतं, ते तिनेच एकदा बाईंच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता सांगितलं होतं. झाकण आधी काढायचं, कारण त्याचं प्लास्टिक वेगळं. मग लेबल फाडायचं. मग पांढऱ्या, हिरव्या, निळ्या असे ढीग लावायचे. मशीनमध्ये त्यांचा चुरा होतो, चुऱ्याला गरम पाण्याची आंघोळ घालतात, आणि पोती भरून तो कारखान्यात गेला की तिथे वितळवून त्याचा धागा काढतात.

"उशीत भरतात ना काकी, तो कापूस त्याचाच आसतो," मंदा म्हणाली होती. "साळंची दप्तरं पन. तुमचा नातू पाठीवर घेऊन जातो ती तुमचीच बाटली आसंल, काय सांगावं!"

हे बाईंना इतकं आवडलं की पुढचा महिनाभर त्यांनी ते भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. कधी शेडवर गेल्या की एकच गोष्ट त्यांना खटके. मंदा घट्ट झाकणं दातांनी उघडायची. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात लेबल कापायची सुरी, मग झाकणाला तिसरा हात आणायचा कुठून? दाढेत झाकण धरायचं आणि बाटलीला पीळ द्यायचा. "अगं, दात काय देवाने बाटल्या उघडायला दिलेत का?" बाई ओरडत. मंदा तोंडाला पदर लावून हसायची आणि पुढची बाटली दाढेत धरायची.

आता त्या ॲसिडचं सांगितलंच पाहिजे.

सोसायटीच्या गल्लीत सायकलवर निळे कॅन लावून एक फिनाईलवाला येई. माल त्याचा, बाटली तुमची. संडासाच्या लादीसाठी त्याच्याकडचं सुटं ॲसिड म्हणजे बाईंचं ब्रह्मास्त्र. दुकानातल्या औषधाला नुसता वास चांगला, डाग जिथल्या तिथे, असं त्यांचं ठाम मत. उत्तमरावांना हे सुटं ॲसिड मुळीच चालत नसे. "घरात लेबल नसलेलं विष नको," असं त्यांनी एकदा आवाज चढवून बजावलं होतं, आणि उत्तमरावांचा आवाज वर्षाकाठी एखादवेळीच चढे. त्यामुळे बाई ते गुपचूप घेत. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून, झाकण आवळून, संडासातल्या बादलीमागे लपवत. पाण्यासारखं नितळ दिसणारं ते ॲसिड त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची सून निशिगंधा नातवाला घेऊन पुण्याहून आली. निहार दुसरीतून तिसरीत गेलेला, आणि हात लावला नाही अशी वस्तू घरात ठेवायची नाही अशी शपथ घेतल्यासारखा वागणारा. एकदा बाईंनी त्याला बादलीमागे डोकावताना पाहिलं. त्यांनी लगेच ती बाटली उचलली आणि गॅलरीत, निळ्या पिशवीच्या शेजारी, कुंड्यांच्या आड नेऊन ठेवली. निहारला ऊन नको म्हणून गॅलरीत जायची बंदी होती. किती शहाणपण केलं आपण, असं त्यांना त्या वेळी वाटलं.

त्या गुरुवारी सकाळी निशिगंधा लवकर आवरून बोरिवलीला मैत्रिणीकडे गेली. उत्तमरावांनी पिशवी खाली नेऊन मंदाच्या टेम्पोत टाकली. उन्हं चढल्यावर बाई संडास घासायला निघाल्या, ब्रश घेतला, गॅलरीत गेल्या, कुंड्यांमागे हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. त्यांनी वाकून पाहिलं. कुंड्या होत्या, झाडू होता, बाटली नव्हती.

"अहो," त्यांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "गॅलरीतल्या बाटल्या सगळ्या दिल्यात का?"

"सगळ्या," उत्तमराव पेपरातून मान वर न करता म्हणाले. "औषधाला म्हणून एक मागे ठेवली नाही. बघून ये हवं तर."

बाईंनी ब्रश तिथेच टाकला. मंदाची दाढ त्यांच्या डोळ्यांसमोर आली. घट्ट झाकण, दातात धरलेलं, बाटलीला दिलेला पीळ. आणि मग ओठांवर, जिभेवर, हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळणारं ते पाण्यासारखं काहीतरी. त्यांनी मोरीत जाऊन मंदाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेडमधल्या मशीनच्या घरघरीत फोन ऐकू येत नाही, हे मंदाने सांगितलेलं त्यांना आठवलं आणि तरी त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला.

त्याच क्षणी उत्तमरावांना सगळं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण चोरी पकडली जाण्याची भीती मोठी वाईट. ती माणसाला मोठ्या भीतीतही छोटं खोटं बोलायला लावते. बाईंनी साडी सारखी केली, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "जरा देवळात जाऊन येते."

"या उन्हात?" उत्तमराव म्हणाले.

"मी येऊ, आजी?" निहार नाक ओढत म्हणाला. दोन दिवसांपासून त्याला सर्दी होती आणि घरातल्या गार पाण्यावर आजीचा पहारा बसला होता.

"नको. आणि मी नाही म्हणून फ्रीजशी मस्ती करायची नाही!"

रिक्षा मिळाली. "भैया, खारीगाव. जल्दी चलो, किसी की जान का सवाल है," बाई म्हणाल्या. रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता रिक्षा पिटाळली. पण मेट्रोच्या खांबांखालची गर्दी कुणाच्या जिवाचा विचार करत नाही. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला गाड्या अशा तुंबल्या की चालत गेलेलं बरं. बाई सारख्या फोन लावत होत्या. मंदाची मुलगी क्षितिजा बारावीला होती, मंदाच्या एकटीच्या कमाईवर. त्या पोरीला काय सांगायचं? तुझी आई आमच्याकडे चहा प्यायची, म्हणून मी तिच्या तोंडात ॲसिड घातलं? लादीचे दोन डाग काढायला? बाईंना रडू येत होतं आणि येतही नव्हतं. देवा, तिने आमची पिशवी शेवटी घेऊ दे, एवढंच त्या पुटपुटत होत्या. शेवटी घेऊ दे.

खारीगावात जुन्या घरांच्या मागे, नव्या टॉवरच्या कुंपणाला लागून ती पत्र्याची शेड होती. आत शिरताच कानठळ्या बसल्या. एका बाजूला मशीन बाटल्या चावत होतं आणि खालून त्यांचा पांढरा चुरा पडत होता. दुसऱ्या बाजूला डोंगराएवढा ढीग आणि ढिगाभोवती फतकल मारून बसलेल्या बायका. मंदा मधोमध बसली होती. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, बाटलीच्या तळाशी काहीतरी हिंदकळत होतं, आणि झाकण तिच्या दाढेत होतं.

"मंदाऽऽ!"

बाई अशा किंचाळल्या की मशीनचा आवाजही मागे पडला. मंदाने दचकून तोंडातली बाटली टाकून दिली. झाकण उडालं. बाटलीतलं जमिनीवर सांडलं आणि सगळ्यांनी बाईंच्या नजरेसोबत तिथे पाहिलं. सिमेंटवर साधा ओला डाग पडला. पाणीच होतं.

"काय झाला, आंटी?" शेडचा मालक नेल्सन धावत आला. उत्तनचा तरुण, गळ्यात क्रॉस, अंगभर चुऱ्याची धूळ. "पडल्यात का?"

"मशीन बंद करा," बाई म्हणाल्या. "आधी ते बंद करा. कुणी बाटली उघडू नका. आमच्या पिशवीत ॲसिड आलंय. पाण्याच्या बाटलीत आहे. पाण्यासारखंच दिसतं."

मशीन थांबलं. शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की पत्र्यावर तापलेल्या उन्हाची तडतड ऐकू आली. बायकांनी हातातल्या बाटल्या हळूच, जिवंत वस्तू ठेवावी तशा, खाली ठेवल्या. एकजण उठून मागे सरकली. समोरच्या ढिगात पाण्याच्या शेकडो बाटल्या होत्या आणि कित्येकींच्या तळाशी थोडंथोडं पाणी होतं. आता त्यातली प्रत्येक बाटली तीच वाटत होती.

"कोनी हात लावायचा न्हाय," नेल्सन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "आंटी, पिशवी कंची?"

"निळी. पडद्याची."

मंदा उठली. तिने हातावर जाड रबरी मोजे चढवले आणि आजच्या पिशव्यांच्या राशीत शिरली. बाई श्वास रोखून बघत होत्या. पिशवी सापडली, खालून, दोन गोण्यांच्या मध्ये दाबलेली. तोंडाला उत्तमरावांची सुतळीची गाठ तशीच होती. कुणी उघडलीच नव्हती! पण आत काय आहे ते अजून पाहायचं होतं.

"हळू गं," त्या म्हणाल्या. "आत फुटली असली तर?"

नेल्सनने ताडपत्री पसरली. मंदाने गाठ कापली, पिशवी आडवी केली आणि लांब काठीने एकेक बाटली बाहेर ओढली. तेलाचा कॅन आला. शाम्पूची आली. कोल्ड्रिंकच्या चेपलेल्या आल्या, दुधाची आली, निहारच्या सरबताची आली. पाण्याच्याही आल्या, पण सगळ्या रिकाम्या, चुरगळलेल्या. पिशवी उलटी करून झटकली. एक झुरळ पडलं आणि पळालं.

"न्हाय काकी," मंदा म्हणाली. "यात न्हाय. कोरडी ठाक हाय."

"नीट बघितलंस?"

"तुमच्याम्होरंच बघितलं ना. न्हायच."

बाईंनी स्वतः वाकून प्रत्येक बाटली पाहिली. नव्हतीच. मग त्या हसल्या. आधी हळू, मग इतक्या मोठ्याने की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मंदाचा मोज्यातला हात धरला आणि सोडला नाही. "तुझे दात, मेले," त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या दातांपायी माझा आज जीव गेला असता." मंदाही हसली. बायका पुन्हा खाली बसल्या. कुणीतरी म्हणालं, काकींना उन्हाचा त्रास झाला असंल, आणि बाईंना तेसुद्धा गोड वाटलं. जीवात जीव आला होता.

"बसा, आंटी. पानी घ्या." नेल्सनने कोपऱ्यातल्या छोट्या फ्रीजमधून बाटली आणून त्यांच्यापुढे धरली. "थंड हाय एकदम."

पाण्याची जुनी बाटली. लेबल कधीच निघून गेलेलं. आत नितळ पाणी, बाहेरून दव धरलेलं. बाईंनी हात पुढे केला आणि तो तसाच थांबला.

बाटली पिशवीत नव्हती. गॅलरीतही नव्हती. मग होती कुठे?

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी आयुष्यभर उत्तमरावांच्या चष्म्यावरून त्यांना ऐकवली होती. आता ती आठवून त्यांच्या अंगावर काटा आला. पाण्यासारखं दिसतं ते माणूस पाण्याच्याच जागी ठेवणार. त्यांच्या घरात पाण्याची जागा एकच होती.

त्यांनी निशिगंधाला फोन लावला.

"निशिगंधा, सकाळी गॅलरीत काही आवरलंस का गं तू?"

"हो, आई. जरा झाडून घेतलं. कुंडीमागे पाण्याची भरलेली बाटली होती. म्हटलं, बाबा भंगारात देऊन टाकतील. फ्रीजच्या दारात ठेवलीय. का हो? आई? हॅलो?"

बाईंनी फोन कापला आणि उत्तमरावांचा नंबर लावला. रिंग वाजली. आपण बाहेर पडलो, म्हणजे घरात पहारा नाही, हे त्यांना प्रत्येक रिंगबरोबर नव्याने कळत होतं. पोराचं नाक सर्दीने बंद. त्याला वास यायचा नाही. देवा, उचला हो कुणीतरी.

"हॅलो, मी निहार बोलतोय. आजोबा आंघोळीला गेलेत."

"निहार!" बाईंचा आवाज फाटला. "बाळा, ऐक. फ्रीज उघडायचा नाही. कळलं?"

पलीकडे शांतता पसरली. चोर पकडला गेल्यावर पसरते ती.

"निहार?"

"मी फक्त एकच ग्लास घेतलाय," तो हळूच म्हणाला.

"प्यायलास?"

"अजून नाही."

"पिऊ नको! ठेव तो ग्लास खाली. विष आहे ते!"

"तू आइस्क्रीमलापण विषच म्हणतेस, आजी." त्याचा स्वर रडवेला झाला. "आई देते मला गार पाणी. एकच घोट पितो, सर्दी नाही वाढत."

"निहार, नको रे! निहार!" बाईंना पुढे बोलताच येईना. सारखी नको, नको म्हणणारी आजी आज खरंच नको म्हणत होती आणि तिच्या शब्दाला काडीची किंमत उरली नव्हती.

मंदाने फोन हिसकावून घेतला. "ए पोरा!" ती अशी गरजली की पत्रा हादरला. "पाल! त्या पान्यात पाल पडलीय! तुझ्या हातात पाल हाय, फेक ती!"

पलीकडून किंकाळी आली. मग काच फुटल्याचा आवाज, त्यामागून प्लास्टिकची बाटली गडगडल्याचा.

"पळ! खुर्चीवर चढ! पाय वर घे, खाली टाकू नको, खाली पाल हाय! चढलास का?"

"चढलो," निहार हुंदके देत म्हणाला. "तुम्ही कोण?"

"मी मंदामावशी. तिथंच बस. हलू नको. तोंडाला काय लागलं का? पायावर काय उडालं का?"

"नाही." थोडा वेळ नुसते हुंदके ऐकू आले. मग ते एकदम थांबले आणि तो बारीक आवाजात म्हणाला, "मावशी, पाल दिसत नाहीये. पण पाणी उकळतंय. लादीवर फेस येतोय आणि धूर येतोय."

मंदाने फोन बाईंच्या कानाला लावला. बाईंनी तो फेस ऐकला. उत्तमरावांनी हौसेने बसवून घेतलेल्या संगमरवरी लादीवर तो चुरचुरत होता. त्यांना वाटलं, हा आवाज आता आयुष्यभर कानातून जायचा नाही.

पलीकडे दार उघडलं. "काय रे, काय फोडलंस?" उत्तमराव विचारत होते.

"अहो, तिथेच थांबा!" बाई ओरडल्या. "निहार, फोन मोठ्या आवाजावर टाक. अहो, लादीवर पाय ठेवू नका, ॲसिड आहे ते. मी घेतलेलं. तुम्हाला चोरून घेत होते. देवळात नाही मी, खारीगावात आहे. पोराला मागच्या बाजूने उचला. अंगावर कुठे उडालंय का बघा, आधी नळाखाली धरा त्याला."

पावलं वाजली, खुर्ची सरकली, नळ सुटला. शेडमधल्या सगळ्या बायका उभ्या राहून ऐकत होत्या. बाई ढिगाच्या कडेला, चुरगळलेल्या बाटल्यांवरच बसल्या होत्या. शेवटी उत्तमरावांचा आवाज आला. तो चढलेला नव्हता, आणि बाईंना त्याचंच जास्त भय वाटलं.

"कुठे काही नाही लागलेलं. ठीक आहे तो." मग ते म्हणाले, "त्याच्या घशाला कोरड पडलीय, पाणी मागतोय. फ्रीजमध्ये आणखी सात-आठ बाटल्या दिसताहेत. यातली कुठली देऊ?"

बाईंनी डोळे मिटले. फ्रीजचं दार त्यांना लख्ख दिसत होतं, एका ओळीत उभ्या, त्यांनी स्वतःच्या हातांनी विसळून भरलेल्या, लेबल नसलेल्या सगळ्या बाटल्या. त्यांनी एकेक आठवून पाहिली, आणि एकीचंही नाव त्यांच्या तोंडून निघेना.